चाळिशीनंतरची पाटी



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे, आणि बहुतेकांनी ती घरातल्या कुणा ना कुणा वडीलधाऱ्या माणसाला हसत हसत लावलेलीही आहे. तसंच आपण म्हणतो, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर हट्ट असतो, विसराळूपणा असतो. पण बालपणाची आणखी एक खूण आहे. लहान मूल पाटी घेऊन बसतं. आपल्याला येत नाही याची त्याला लाज वाटत नाही. आज आपण अशा काही स्त्रियांविषयी बोलणार आहोत, ज्यांनी वय वाढल्यावर पुन्हा पाटी हातात घेतली. या साऱ्या आपल्या महाराष्ट्रातल्या आहेत आणि त्यांच्याविषयी पुरेशी नोंद उपलब्ध आहे.

हे सांगताना आम्हांला एक गोष्ट टाळायची आहे. अशा स्त्रियांची चरित्रं आपण देवीच्या कथेसारखी सांगतो. त्या थोर होत्या, जिद्दी होत्या, म्हणून त्यांना जमलं, असं म्हणतो, हात जोडतो आणि घरी जातो. जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीवर उत्तरायुष्य उभं राहत नाही. ते कशावर उभं राहिलं, हे आज आपल्याला बघायचं आहे.

आधी काळ समजून घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही आत होतं. याचा अर्थ तेव्हा म्हाताऱ्या बायका नव्हत्या असा नाही. लहान मुलं फार मरत, बाळंतपणात बायका मरत, प्लेग-पटकीत माणसं मरत, म्हणून सरासरी खाली यायची. यातून जी तरली ती बाई साठी-सत्तरीपर्यंत जगायची. तिचं पुढं काय?

त्या काळी बाईचं वय वर्षांत मोजत नसत. ती माहेरवाशीण, मग सून, मग लेकुरवाळी, मग सासू. सासू झाली की कमरेला किल्ल्यांचा जुडगा यायचा आणि घरात शब्द चालायचा. म्हणजे वाढतं वय बाईला काही देतही होतं, हे विसरू नये. पण हे सगळं नवऱ्याच्या जिवावर अवलंबून असायचं. तो गेला की ब्राह्मण घरांत आणि काही इतर वरच्या जातींत केशवपन, आलवण, एकवेळचं जेवण, आणि स्वयंपाकघराच्या मागची जागा. तिशीतल्या बाईच्याही हातात जपमाळ यायची. कष्टकरी जातींतल्या बायकांना हे सोवळं कमी होतं, पण त्यांना विसावाही नव्हता. हातपाय चालतात तोवर शेत आणि सरपण, ते थांबले की दुसऱ्याच्या दारावर.

या पार्श्वभूमीवर पहिलं नाव घेऊ रमाबाई रानडे यांचं.

रमाबाईंचा जन्म 1862 चा, देवराष्ट्रे गावातला. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा वीस वर्षांहून मोठा आणि पुढं न्यायमूर्ती म्हणून नाव गाजलेला. त्यांनी रमाबाईंना शिकवलं, आणि ते शिकणं घरातल्या इतर बायकांचे टोमणे सोसत झालं. हा भाग आपल्याला ठाऊक असतो. पण 16 जानेवारी 1901 ला न्यायमूर्ती गेले तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आतच होत्या. त्या मुंबईहून पुण्याला आल्या आणि काही काळ जवळजवळ घरातच राहिल्या. समाजाच्या हिशेबानं त्यांची कथा तिथं संपली होती.

ती संपली नाही. त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. मुंबईत 1908 साली सेवासदन सुरू झालं, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आणि 1909 साली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं ते रमाबाईंच्या राहत्या घरात. बरोबर होते गोपाळ कृष्ण देवधर. रमाबाईंचं वय तेव्हा 47.

तिथं काय चालायचं ते बघा. शिवण, हातकाम, लिहिणं-वाचणं, शिक्षिकांचं प्रशिक्षण, आणि परिचारिकांचं प्रशिक्षण. शेवटची गोष्ट त्या काळी फार अवघड होती. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, परक्या पुरुषांत वावरायचं, हे 'चांगल्या घरच्या' बाईचं काम नव्हे, असं म्हणणारं पुणं होतं ते. रमाबाईंचं नाव आणि रानड्यांचं घर पाठीशी होतं म्हणून आईबापांनी, सासरच्यांनी मुली पाठवल्या. ज्या घराच्या प्रतिष्ठेनं एखादीला कोंडून ठेवलं असतं, तीच प्रतिष्ठा रमाबाईंनी दुसऱ्यांसाठी दार उघडायला वापरली. पुढं मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्या पुण्यात बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा या चळवळीतही पुढं होत्या. तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. 1924 साली त्या गेल्या.

इथं एक गंमत सांगतो. रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 साली आलं, म्हणजे पुण्याचं सेवासदन सुरू झाल्यावर. पण पुस्तक न्यायमूर्तींच्या निधनाशी थांबतं. स्वतःच्या दुसऱ्या आयुष्याविषयी, जे पूर्णपणे त्यांचं स्वतःचं होतं, त्याविषयी त्यांनी तसं पुस्तक लिहिलं नाही. आम्हांला वाटतं, हा नुसता विनय नव्हे. पतीची आठवण लिहिणारी विधवा लोकांना समजत होती. स्वतःची गोष्ट लिहिणाऱ्या बाईसाठी अजून जागा तयार व्हायची होती.

ती जागा पुढच्या पंचवीस वर्षांत तयार झाली. त्यातलं एक मोठं नाव पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाई 1870 च्या, कोकणातल्या देवरुखच्या. ऐन विशीत विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. थोरली बहीण बाया, म्हणजे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई. या बहिणीच्या आधारानं पार्वतीबाई पुण्याला आल्या, शिकल्या आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात कामाला लागल्या. आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी जमवायची हे त्यांचं मोठं काम. विचार करा, केशवपन केलेली, आलवणातली बाई सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते आहे. लोक ऐकायचे, कारण तिचा वेषच तिचा पुरावा होता.

आणि तोच वेष त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर सोडला. केस वाढवले. आज आपल्याला ही बाब साधी वाटेल. पण वीस वर्षं समाजानं दिलेली खूण अंगावर वागवून, आता ही मला नको, असं त्या वयात ठरवणं आणि त्याच समाजाकडं पुन्हा वर्गणी मागायला जाणं सोपं नव्हतं. तरुणपणीचं बंड लोक अल्लडपणात जमा करतात. चाळिशीतल्या बाईला ती सवलत नसते.

मग इंग्रजी. कामाच्या धबडग्यात इंग्रजी शिकायचं राहून गेलं होतं. ते शिकायचं म्हणून 1918 साली, 48 व्या वर्षी, पार्वतीबाई अमेरिकेला निघाल्या. भाषा येत नाही, ओळखीपाळखी नाहीत, जवळ पैसे बेताचे. तिथं त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काम करता करता त्या भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी मदतही मिळवली. 1920 साली परत आल्या. 1928 साली त्यांची 'माझी कहाणी' प्रसिद्ध झाली, आणि दोन वर्षांनी तिचा इंग्रजी अनुवादही झाला.

ज्या बाईला इथं संस्थेची मोठी कार्यकर्ती म्हणून मान होता, ती तिथं मोलकरीण म्हणून राहिली. कुणी विचारील, या वयात हे कशाला? आम्हांला वाटतं, पाटी घ्यायची तर आधी खुर्ची सोडावी लागते. पन्नाशीला माणसाजवळ थोडाफार मान जमलेला असतो, आणि शिकायला बसलं की तो बाजूला ठेवावा लागतो. वय झाल्यावर शिकणं अवघड जातं ते काही केवळ स्मरणशक्तीमुळं नाही.

आता तिसरं नाव, आणि ते घेताना चेहऱ्यावर हसू येतं. लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाई 1868 च्या. लग्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांशी, अर्थात लग्नाच्या वेळी ते रेव्हरंड नव्हते. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी. शाळेत जाऊन असं त्यांचं शिक्षण झालंच नव्हतं, जे झालं ते घरात. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. संसार कायमच ओढगस्तीचा, मागं शिल्लक काही नाही. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं, पुढं मुलाबरोबर कराचीला राहिल्या.

मग दोन कामं हाती घेतली. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोडेच अध्याय होऊन अपुरं राहिलं होतं, ते बाईंनी पुढं नेलं आणि पूर्ण केलं. आणि दुसरं काम म्हणजे 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग 1934 साली आला, तेव्हा त्या 66 वर्षांच्या होत्या. 1936 साली त्या गेल्या आणि शेवटचा भाग मुलाला, देवदत्त टिळकांना, पुरा करावा लागला. म्हणजे मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र कोणतं, अशी चर्चा निघाली की जे नाव हमखास येतं, ते पुस्तक एका शाळेत न गेलेल्या बाईनं आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत लिहिलेलं आहे.

या पुस्तकात वार्धक्याचा एक गुण दिसतो. दारिद्र्य, ताटातूट, नवऱ्याचा लहरी स्वभाव, पोटच्या मुलांचे मृत्यू, सगळं त्यात आहे, पण तक्रारीचा सूर नाही. बाई स्वतःवर हसतात, टिळकांवर हसतात, सोवळ्या-ओवळ्याच्या आपल्याच वेडावर हसतात. हे पंचविशीत लिहिता आलं नसतं. तेव्हा दुःख अंगाला चिकटलेलं असतं. चाळीस वर्षांनी ते थोडं दूर गेलं, म्हणून त्याचा आकार दिसला. वय वाढल्यानं फक्त शक्ती जाते असं नाही, अंतरही मिळतं. उत्तरायुष्य चांगलं जगणं म्हणतात ते काही अंशी हेच असावं.

चौथं नाव ताराबाई मोडक यांचं. यांचा जन्म 1892 चा, म्हणजे पुढच्या पिढीतल्या. पदवीधर. लग्न झालं, मोडलं, आणि मुलीला घेऊन त्या 1921 साली राजकोटला नोकरीसाठी गेल्या. तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडं बालशिक्षणाचं काम, मग दादरला शिशुविहार. पन्नाशीपर्यंत त्या बालशिक्षणातल्या नावाजलेल्या तज्ज्ञ होत्या. दादरला संस्था होती, नाव होतं, शहरातली सोय होती. तिथंच राहिल्या असत्या तर कुणी बोट ठेवलं नसतं.

1945 साली, 53 व्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. शहरातल्या मुलांना मिळतं ते खेड्यातल्या मुलांना का मिळू नये, हा प्रश्न घेऊन गेल्या. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, वय 35, शिक्षिका म्हणून काही वर्षं काढलेल्या.

बोर्डीला पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. शाळा उघडली, मुलं येईनात. गरिबांच्या वस्तीतली मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत होती, गुरं राखत होती. मग शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी शैक्षणिक साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंखशिंपले, गोटे, बिया, पानं हीच साधनं झाली. पुढं 1957 साली, म्हणजे 65 व्या वर्षी, त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांत काम करायला गेल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात, म्हणून कुरणशाळा. मोठी बहीण कडेवर बाळ घेऊन येते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, म्हणजे विकासवाडी. 1962 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, 1973 साली त्या गेल्या. दोन वर्षांनी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी हेच राहिलं. आज देशभर गावोगावच्या पाटीवर असलेला शब्द पन्नाशी उलटलेल्या एका बाईच्या नव्या सुरुवातीतून आलेला आहे.

आता थोडं थांबून या चौघींकडं एकत्र बघू. प्रत्येकीच्या पाठीशी काय होतं? डोक्यावर एक छप्पर होतं. रमाबाईंना स्वतःचं घर, पार्वतीबाईंना हिंगण्याचा आश्रम. सोबत होती. देवधर, बाया आणि कर्वे, देवदत्त, अनुताई. हातात थोडे का होईना स्वतःचे पैसे होते. आणि कुणीतरी आधी अक्षर दिलेलं होतं. या चार गोष्टी नसत्या तर जिद्द कोमेजून गेली असती, आणि ज्यांची कोमेजली त्यांची चरित्रं आपल्याकडं नाहीत.

दुसरंही एक सांगायला हवं. या चौघींना हे आधार मिळण्यात त्यांच्या जातीचा आणि शिकलेल्या घरांचा मोठा वाटा होता. म्हणून आणखी दोन नावं घेतल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही.

शांताबाई कांबळे, सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावच्या, जन्म 1923. दलित घरातली मुलगी शिक्षिका झाली, आयुष्यभर नोकरी केली आणि 1981 साली निवृत्त झाली. निवृत्तीनंतर त्यांनी लेखणी घेतली. 'माज्या जल्माची चित्तरकथा' 1986 साली पुस्तकरूपानं आलं, तेव्हा त्या 63 वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आलं. त्यांचं वय 57. बेबीताई घरचं छोटं दुकान चालवायच्या. दुकानात बसून लिहायचं आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायचं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. रमाबाईंना स्वतःची गोष्ट लिहायला जागा नव्हती असं मघाशी म्हटलं. बेबीताईंना 1980 च्या आधीपर्यंत कागद ठेवायलाही उघड जागा नव्हती. घर होतं, पण छप्पर असणं आणि त्याखाली मोकळेपणा असणं यांत फरक आहे.

शेवटचं उदाहरण अगदी अलीकडचं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथं 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या. गणवेश म्हणून गुलाबी लुगडं, पाठीवर दप्तर, हातात खरोखरीची पाटी. गावात पोथीचं वाचन चालायचं, आणि आपल्यालाही ती स्वतः वाचता यावी, अशी इच्छा या आज्यांनी बोलून दाखवली. गावच्या शिक्षकानं ती ऐकली, दानशूरांनी मदत केली, शाळा उभी राहिली. अंगठ्याऐवजी सही करता येणं म्हणजे काय, हे ज्याला पहिलीपासून सही येते त्याला कळायचं नाही.

बघा, आपण सुरुवातीला जपमाळ आणि पाटी अशा दोन वेगळ्या गोष्टी धरल्या होत्या. फांगण्याच्या आज्यांनी पोथी वाचायची म्हणूनच पाटी घेतली. म्हणजे देवधर्म सोडला तरच नवं आयुष्य, असंही काही नाही. जे करायचं ते कुणीतरी वाचून दाखवण्यापेक्षा स्वतः वाचून करायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि त्यातलं महत्त्वाचं वाक्य आम्हांला हे वाटतं, की इच्छा बोलून दाखवली आणि कुणीतरी ऐकली. रमाबाईंनी, पार्वतीबाईंनी, ताराबाईंनी स्वतःला मिळालेली जागा दुसऱ्यांसाठी रुंद केली. सेवासदनातून परिचारिका होऊन बाहेर पडलेल्या कितीतरी विधवांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांच्या उतारवयात त्यांच्या हातात पगार होता.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपण प्रत्येकानं एक प्रश्न विचारून बघू. आईला, मावशीला, सासूबाईंना, आणि आपल्याकडं साठीतही धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईलाही. 'तुम्हांला काय शिकायचं राहून गेलं?' उत्तर लगेच येणार नाही. पहिल्यांदा 'आता या वयात कशाला' असंच येईल. तिथं विषय सोडून द्यायचा नाही. दुसऱ्यांदा विचारायचं, आणि उत्तर आलं की छप्पर, सोबत, पैसा, अक्षर यांतलं आपल्याच्यानं काय देता येईल ते बघायचं.

 आता आपले प्रश्न घेऊ.